झाकणकाकांच्या गाण्यातली झांज

झाकणकाका पहिल्यांदा स्टुडिओत शिरले तेव्हा मीटरचे काटे सरळ लाल पट्टीत गेले, आणि माइक तर चालूसुद्धा नव्हता. "गाणं आणलंय," एवढंच ते म्हणाले. पण खिडकीवरची कबुतरं उडाली, शेजारच्या दंतवैद्याकडचा पेशंट न सांगता आ करून बसला, आणि साउंड इंजिनियरला वाटलं, हे गाणं मिक्स करायचं नसून लपवायचं आहे.

माणूस मात्र लोण्यासारखा. पत्र्याच्या डब्यांची झाकणं ठोकणाऱ्या प्रेसवर हयात गेलेली. नाव तिथूनच पडलेलं. गाणं, गिटार, ढोल सगळं काकांनीच घरी रेकॉर्ड केलं होतं. फक्त झांज काकूंची. उभ्या संसारात काकू पहिल्यांदाच गाण्यात आल्या होत्या, त्याही हात पुसत, आढेवेढे घेत. आजवरची गाणी काकांनी स्वतःच कशीबशी जुळवून सोडली होती. या एका गाण्यासाठी मात्र त्यांनी पदरमोड करून जाणकार माणूस लावला.

इंजिनियरने झकास मिक्स करून ऐकवलं. काका डोळे उघडून म्हणाले, "झांज जरा वर घ्या."

त्याने घेतली. पुन्हा तेच. पुढच्या रविवारीही तेच. शेवटी त्याने ठेवणीतलं बटण वापरलं. ते कशालाच जोडलेलं नव्हतं. गंभीर चेहऱ्याने तो ते फिरवायचा आणि भलेभले कानसेन म्हणायचे, वा, आता कसं.

"काही फरक नाही, साहेब," काका म्हणाले.

इंजिनियर चाट पडला. इतक्या वर्षांत पहिला खरा कान भेटला म्हणून त्याने मनातल्या मनात दंडवत घातला, आणि ओशाळून खरं बटण फिरवलं, तेही सढळ हाताने. झांज अशी कडाडली की त्याच्या दाढा शिवशिवल्या.

"नाहीच फरक," काका शांतपणे म्हणाले.

त्याने गाणं थांबवलं आणि हळूच विचारलं, झांज मुळात ऐकू येते का. काकांनी "काय?" केलं, म्हणून तोच प्रश्न ओरडून विचारावा लागला.

"नाही येत. बारीक, टिपेचे आवाज कधीचेच गेले. ती वाजवत होती तेव्हा हात तेवढे हलताना दिसले. तुमच्याकडे इतकी बटणं, म्हटलं एखाद्याने येईल." मग त्यांच्या मते ते कुजबुजले, "कारखान्यात कळू देऊ नका, प्रेसवरून काढतील. आणि हिला तर नकोच."

इंजिनियरने झांजेचा सूर खाली उतरवून पाहिला. पातेलं पडल्यासारखा आवाज आला. पातेलं काकांना छान ऐकू आलं. पण ते काकूंचं वाजवणं नव्हे, हे त्यांनाही उमगलं. "राहू द्या," ते म्हणाले. "तिची होती तशीच ठेवा."

तयार गाणं ऐकायला काकू आल्या आणि कोचाच्या अगदी कडेला टेकल्या. झांज यायच्या जागी काकांनी बरोब्बर मान डोलावली. मांडीवर बोटाने मात्रा मोजणं चाललं होतं, ते फक्त इंजिनियरच्या बाजूने दिसत होतं.

"बरी वाजलीय का हो?" काकूंनी विचारलं.

काका त्यांच्या ओठांकडे बघत होते. "छान," ते म्हणाले.

गाणं बाहेर आलं. वर्षभरात कारखान्यातल्या कानांच्या तपासणीत काका सापडले. त्यांना प्रेसवरून उचलून कारखान्याच्या फाटकावर बसवलं, आणि कान आणखी गेल्यावर मालट्रकांचे हॉर्नही ऐकू येत नाहीत म्हणून पुढे तिथूनही काढलं.