रोलांद मावशीने उचललेला लून

माझ्या रोलांद मावशीला पक्ष्यांतलं काही कळत नसे. गावात तिचं केस कापायचं दुकान होतं, आणि तिची नजर माणसांच्या डोक्यांवर. नवरा गेला त्या शरदात तिची नणंद फर्नांद तिला रोज नदीवर ओढून न्यायला लागली.

"घरात बसून भिंती काय बघतेस? त्यापेक्षा पाणी बघ."

उत्तरेची तळी गोठायच्या आत पाणपक्षी सेंट लॉरेन्स नदीच्या पात्रातून समुद्राकडे निघतात. दोघी धक्क्यावर गाडी लावून, गुडघ्यांवर घोंगडी घेऊन, वाटाण्याचं गरम सूप पीत बसायच्या. बदकांच्या रांगा पाण्यालगत सरकायच्या. अधूनमधून लून दिसे. हंसापेक्षा लहान, बदकापेक्षा मोठा, भाल्यासारख्या चोचीचा. मावशीने दुर्बीण डोळ्यांना लावेपर्यंत तो बुडी मारून मोकळा.

"तुमचा लून अगदी आमच्या ह्यांच्यासारखा, वन्सं. हाक मारली की गायब."

"माझ्या भावाला नावं ठेवू नकोस," फर्नांद म्हणाली, आणि स्वतःच हसत सुटली. अंत्यविधीनंतर दोघी पहिल्यांदाच एकत्र हसल्या.

एकदा मावशीने छातीठोकपणे दाखवलेला लून पाण्यावर तरंगणारा रिकामा डबा निघाला. फर्नांदने ते बेकरीत सांगितलं, म्हणजे गावभर झालं.

ऑक्टोबरच्या अखेरीस रात्रभर पाऊस पडला. सकाळी मी मावशीबरोबर दुकान उघडायला गेले, तर समोर वाण्याच्या आवारात माणसं गोळा झालेली. मधे डांबरावर एक मोठा करडा पक्षी पोटावर बसला होता.

"पाय मोडलाय बिचाऱ्याचा," वाणी म्हणाला.

मावशीने फर्नांदला बोलावून घेतलं.

"काही मोडलेलं नाही," फर्नांद म्हणाली. "लून आहे. ओलं डांबर त्याला पाणी वाटलं. ह्याचे पाय पार शेपटीकडे, जमिनीवरून उडता येत नाही. नदीत सोडायला हवा."

"मग उचला की, वन्सं."

"मी? मी जन्मभर लांबूनच बघत आले गं."

मावशी दुकानात गेली आणि गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती बांधायचं कापड घेऊन आली. "किंचाळणाऱ्या पोरांचे केस कापलेत मी," म्हणत तिने ते पक्ष्यावर टाकलं आणि त्याला कवेत घेतलं. चोच कापडातून थेट तिच्या दंडात घुसली. तिने शिवी हासडली, पण मिठी सोडली नाही.

फर्नांद गाडी चालवत होती, मी मागे.

"हळू घ्या, वन्सं. गिऱ्हाईक हलतंय."

नदीकाठी मावशी गुडघाभर पाण्यात उतरली. कापड काढताच लूनने बुडी मारली. आम्ही वाट पाहिली. तो वर येईना. मावशीचा चेहरा उतरला.

"बुडवलं मी त्याला."

"थांब जरा. श्वास रोखून धरायची त्याला सवय आहे."

मग पार मधल्या प्रवाहात तो वर आला. पंख झाडले, आणि वाऱ्याच्या विरुद्ध पाण्यावरून धावत सुटला. किती तरी लांब धावला. शेवटी तो पाण्यावरून हवेत उठला आणि पलीकडच्या टेकड्यांवरून वळला. मावशी ओल्या स्कर्टनिशी टाळ्या वाजवत होती.

त्या कापडामुळे दिवसभर दुकानाला मासळीचा वास येत होता. कुणी नाक मुरडलं की मावशी त्याला खुर्चीत बसवून सगळी हकिगत सांगे, दंडावरच्या जखमेसकट.

पुढच्या शरदात तिने स्वतःची दुर्बीण घेतली. बदकांची नावं अजूनही चुकते. लून दिसला, की मात्र बराच वेळ निरखून म्हणते, "हा आपला नव्हे, वन्सं. आपला जरा अंगाने भरलेला होता."