गोठ्यावरचा बँड

आमच्या वरच्या खोलीची खिडकी शेजाऱ्याच्या गोठ्यावर उघडते. कोल्हापूरच्या पेठेत यात अचंब्यासारखं काही नाही. इथे चारचाकीला जागा मिळत नाही, म्हशीला मिळते. रोज संध्याकाळी शेजारी म्हैस गोठ्याच्या दारात आणून बांधतो, गिऱ्हाइकं समोरच्या कट्ट्यावर ग्लास नि किटल्या घेऊन बसतात आणि डोळ्यांदेखत काढलेलं दूध फेसासकट पितात. ग्लासावर फेस टोपीसारखा उभा राहिला पाहिजे. नाही राहिला तर पिणारा म्हशीकडे बघत नाही, मालकाकडे बघतो. मालकाची सगळी अब्रू त्या फेसात. हा मालक पन्नाशीचा, एके काळी तालमीत घुमायचा असं तो स्वतःच सांगतो. आता पोट तेवढं अंगावर धावून येतं.

या म्हशीच्या बरोबर डोक्यावर माझ्या नातीने बँड काढला.

बँड म्हणजे लग्नातला नाही. लग्नातल्या बिचाऱ्यांना निदान वरात दारात पोचेपर्यंत वाजवावं लागतं. या चौघांना कशाचंच बंधन नाही. नात ड्रम बडवते. गडमुडशिंगीहून एक पोरगा पाठीवर गिटार टाकून मोपेडवर येतो. एक पोरगी कीबोर्डवर असते. चौथा गातो, म्हणजे माइक हातात आला की डोळे मिटतो आणि पोटात कळ आल्यासारखं तोंड करतो. आवाज बाहेर फुटू नये म्हणून त्यांनी भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले. त्या ट्रेंपायी आमच्याकडे महिनाभर अंड्याचं कालवण होतं. आवाज होता तसाच राहिला. अंड्याचा वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही.

वाजवण्याची त्यांची रीत अशी. चार ठोके पडतात, गिटार कुरकुरते, गाणारा डोळे मिटतो आणि तेवढ्यात कुणीतरी ओरडतं, "थांब, थांब, थांब! परत!" मग भांडण. कोण आधी आलं, कोण मागे राहिलं. भांडण संपलं की मोबाइलवर तेच गाणं लावून ऐकतात, माना डोलावतात, हळहळतात, आणि पुन्हा चार ठोके. एकही गाणं शेवटापर्यंत गेलेलं मी ऐकलं नव्हतं. मी खाली शेंगा फोडत बसायचे आणि मनात म्हणायचे, पोतं संपेल, पण यांचं गाणं काही संपायचं नाही.

एका संध्याकाळी शेजारी चरवी हातात घेऊनच आमच्या दारात आला. चरवीच्या तळाला दूध होतं, मांजराला पुरेल एवढं.

"काकी, ह्ये बघा. बघा म्हणतो मी! धार म्हणायची का ह्येला? तुमची नात वर बडीवती आन् माझी म्हस पान्हा चोरतीया."

"म्हैस चोरते आणि आळ माझ्या नातीवर होय रे?"

"चेष्टा न्हाय काकी. गिऱ्हाइकं उठून चालली की! काल एकजण मला म्हणतो, मालक, फेस कुठं गेला? मला! माझ्या दारात बसून!"

आणि त्या धिप्पाड माणसाचे डोळे भरून आले. आईच्या तेराव्याला ज्याने डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं तो हा.

माझा मुलगा नुकताच ऑफिसातून आला होता. त्याला भांडण सोसत नाही, हा गुण बापाचा. त्याने पायातले बूट काढायच्या आत निकाल देऊन टाकला. "आणखी एक तक्रार आली तर त्याच दिवशी ड्रम खाली उतरतील. ऐकलंस का गं?"

नात जिन्यात उभी होती. या पोरांना दोन ठिकाणांहून आधीच हाकललेलं होतं. ही खोली गेली की त्यांचा बँड गेला, हे तिला कळत होतं आणि मलाही. मला वाटलं रडेल. तिने मान ताठ केली, नाकपुड्या फुगवल्या आणि म्हणाली, "नाही तर नाही. म्हशींच्या गल्लीत दुसरं काय होणार? आता मी काठ्यांना हातच लावत नाही."

मला हसू आलं. ते मी पदरात दाबलं. ते वाक्य माझं होतं, नाकपुड्यांसकट.

हातकणंगल्याहून लग्न होऊन या घरात आले तेव्हा मी बरोबर एक बाजाची पेटी आणली होती. शाळेत तपासणीला आलेल्या साहेबांपुढे मी स्वागतगीत म्हटलं होतं आणि साहेब म्हणाले होते, "मुलीला गळा आहे." गळा कुणाला नसतो? बदकालाही असतो, चांगला लांब. पण मी तेवढ्यावर ठरवून टाकलं की आपण गायिका आहोत. फक्त जगाला कळायचं बाकी आहे.

त्याच वरच्या खोलीत मी संध्याकाळी रियाजाला बसायचे. रियाज म्हणजे काय, तर सा लावायचा, थांबायचं, ज्येष्ठमधाची काडी चघळायची आणि खिडकीतून वाकून बघायचं, गल्लीत कुणी ऐकत उभं राहिलंय का. कुणी नसायचं. मग पुन्हा सा. एखादा अभंग धरला की पहिल्याच कडव्यात मला माझा आवाज इतका आवडायचा की मी तिथेच थांबून तीच ओळ पुन्हा घ्यायचे. दुसऱ्या कडव्याची नि माझी कधी गाठच पडली नाही.

म्हैस तेव्हाही खाली होती. ही नव्हे, हिची कोणी खापरपणजी असेल. धार काढायची ती आत्ताच्या शेजाऱ्याची आई. तिचं तोंड असं की गल्लीतली कुत्रीसुद्धा तिच्या दारावरून शेपूट घालून जायची. एके दिवशी ती खालून कडाडली, "ए नव्या नवरी! एकतर गा, न्हायतर गप बस! मधीच थांबतीस काय, मधीच वरडतीस काय! म्हस माझी धार सोडंना झाली की!"

वरडतीस! मला! गळा असलेलीला!

मी खिडकीतून सुनावलं की म्हशींच्या गल्लीत गाण्याची कदर कुठून असणार. पेटी खोळीत घातली, माळ्यावर ढकलली आणि जाहीर केलं की या घरात आता माझा सूर कुणाच्या कानी पडायचा नाही. नवरा समजूत घालायला येईल म्हणून तोंड फुगवून बसले. त्याने त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

पुढे लग्नात, बारशाला, जिथे चार बायका जमतील तिथे मी सुस्कारा टाकायचे आणि सांगायचे, "माझं गाणं एका म्हशीनं खाल्लं." बायका चुकचुकायच्या. पण "मग आत्ता म्हणा की एखादं" असं एकीच्याही तोंडून कधी निघालं नाही, यातच काय ते आलं.

आता तीच नाकपुडी जिन्यात उभी होती. ही पोरगी माझ्या वयाची झाली की म्हशीच्या नावाने सुस्कारे टाकत फिरणार, हे मला तिथेच दिसलं. घरात असला एक नमुना पुष्कळ झाला.

दुसऱ्या दिवशी मी किटली घेऊन कट्ट्यावर जाऊन बसले. वर शांतता होती. शेजारी गिऱ्हाइकांना म्हशीचं कौतुक ऐकवत होता.

"काय रे," मी विचारलं, "पाडव्याला तुझी म्हैस कशामागं पळते?"

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशी नटवून पळवतात. शिंगं रंगवायची, गळ्यात माळा घालायच्या आणि मालकाने मोटारसायकलच्या सायलेन्सरची पुंगळी काढून पुढे सुसाट सुटायचं. मसणातलं मढं उठून बसेल असा फटफटाट, आणि म्हैस त्याच्यामागे चौखूर.

शेजाऱ्याची छाती पोटाच्या बरोबरीला आली. "माझ्या गाडीमागं, आणि कशामागं! उभ्या पेठंत अशी पळणारी म्हस दाखवा!"

"त्या गाडीला भीत नाही आणि माझ्या नातीच्या ड्रमला भिते? नवलाचीच नाजूक म्हणायची."

"आवो, त्यो आवाज तिच्या वळखीचा हाय. एकदा गाडी चालू केली की मी बंद करतच न्हाय. मधी बंद पडली की ही जाग्यावर थटती. मग तिचा बाप आला तरी हलत न्हाय. आवाज कसा, चालूच पायजे."

एवढं बोलून तो मिशीवरून हात फिरवत गिऱ्हाइकांकडे बघायला लागला. आपण काय बोलून गेलो ते त्याला कळलं नाही. माझ्या कानात मात्र त्याच्या आईचा आवाज कडाडला. एकतर गा, न्हायतर गप बस. अगं बया! ती बाई माझ्या आवाजाला नावं ठेवतच नव्हती. माझ्या थांबण्याला ठेवत होती. कलेसाठी आयुष्यभर सोसलेलं माझं सगळं दुःख तिथल्या तिथे शेणात पडलं. ते उचलायला मी काही वाकले नाही.

मी शेजाऱ्याकडून चार-सहा दिवसांची मुदत मागून घेतली. "तुमच्या शब्दासाठी हां काकी," म्हणत त्याने कपाळाला हात लावला. मग मी वर गेले. चौघंही सुतकी तोंडाने वायरी गुंडाळत होते.

"सोडा त्या वायरी. एकच गाणं धरा. रोज म्हैस दारात आली की सुरू करायचं आणि चरवी भरेपर्यंत थांबायचं नाही."

"आज्जी, चुकलं तर?" गिटारवाल्याने विचारलं.

"चुकलं तर चुकीचं वाजव. थांबलास तर ती गिटार तुझ्याच डोक्यात घालीन."

"पण गाणं मध्येच संपलं तर?" नात म्हणाली.

"तुमचं कधी संपलंय? संपलंच तर पहिल्यापासून."

गाणाऱ्याने डोळे उघडले. "म्हणजे आम्ही म्हशीसाठी वाजवायचं?"

"तुला ऐकायला दुसरं कोण आलंय का रे बाबा?"

पहिल्या दिवशी गिटार पुढे, ड्रम मागे आणि गाणारा दुसऱ्या कडव्याला शब्द विसरून नुसतं ला-ला करत राहिला. म्हशीने कान टवकारले, शेपटीचा एक फटका मालकाच्या तोंडावर दिला आणि दूध पोटातच ठेवलं. दुसऱ्या दिवशी तेच. शेजारी खालून माझ्याकडे असा बघत होता की मीच पान्हा चोरला आहे. पण पोरं थांबली नाहीत. त्यांना माझी भीती नव्हती, खोली जाण्याची भीती होती. होता होता एका संध्याकाळी म्हशीने कान पाडले, रवंथ धरलं, आणि चरवीत धारेचा आवाज घुमायला लागला. फेस काठाच्या वर आला. वरती गाणं शेवटाला पोचलं होतं. पोरांना आधी ते कळलंच नाही, कारण तिथवर ती कधी गेलीच नव्हती. सवयीने पुन्हा पहिल्यापासून वाजवत राहिली.

आठवडाभरात शेजारी गिऱ्हाइकांना सांगू लागला, "मी शिकीवली तिला. म्युझिकशिवाय धारच देत न्हाय आमची म्हस." कोणी त्याला विचारलं नाही की अरे, मग आधी रडत कोण आला होता?

मला वाटलं, चला, आपण शहाणं काम केलं. मला असं वाटलं की समजावं, पुढे खड्डा आहे.

रविवारी बँडला पहिलंवहिलं बोलावणं आलं. गिटारवाल्याच्या बहिणीची हळद होती. चौघं ड्रम इथेच ठेवून नटूनथटून गडमुडशिंगीला गेली, तिथे दुसऱ्या कुणाचे तरी ड्रम होते. मुलगा घरी चहा पीत बसला होता. आणि धारेच्या वेळी खालून आरोळी आली.

"काकीऽऽ! आज काय सुतक हाय का? वाजवा की! म्हस हुबी हाय, गिऱ्हाईक बसलंय, आन् वर सगळं गपगार!"

मुलाने कप खाली ठेवला. "आली ना पुन्हा तक्रार?"

"अरे, ही आवाज नसल्याची आहे."

"तक्रार ती तक्रार, आई. आधी वाजवलं म्हणून, आता नाही वाजवलं म्हणून. मला हे रोजचं नको. ड्रम आजच खाली." आणि तो खरंच उठला.

मी त्याच्या आधी जिना चढले. गुडघ्यांनी मला आईबहिणीवरून शिव्या दिल्या. माझी पेटी वरच होती. नातीने ती माळ्यावरून काढून ड्रमच्या जादा काठ्या ठेवायला टेबल केलं होतं. काठ्या बाजूला सारल्या, खोळ ओढली. भाता दमेकऱ्यासारखा फुसफुसत होता. दाबलेल्या दोन पट्ट्या वर यायचं नाव घेईनात. मी तोच जुना अभंग सुरू केला.

पहिलं कडवं झालं. मी सवयीने थांबणार, तोच खालून शेजारी ओरडला, "थांबू नगा काकी, कास भरतीया!"

मग शिरले दुसऱ्या कडव्यात. तिथे मी कधी फिरकलेच नव्हते. निम्मे शब्द आठवले, निम्म्या जागी ला-ला केलं. आवाज म्हणाल तर गंजलेल्या कडीचा. साहेब असते तर त्यांनी शब्द मागे घेतले असते. मुलगा दारापर्यंत आला आणि पायरीवर बसला. त्याने माझं गाणं जन्मात पहिल्यांदाच ऐकलं आणि कानांत बोटं घातली नाहीत, हा त्याचा चांगुलपणा. तिसरं कडवं झालं, शेवटचं झालं, आणि मी धापा टाकत पुन्हा पहिलं धरलं.

खाली चरवी खणकली. मी थांबले आणि खिडकीतून वाकून बघितलं. कट्टाभर माणसं किटल्या मांडीवर घेऊन वर बघत होती. गल्लीत श्रोते उभे राहिलेले बघायला मी किती आसुसले होते. हे बसलेले होते, आणि दुधाला आलेले.

"दिलं का रे दूध?"

"दिलं की!" शेजाऱ्याने ग्लास उंच धरून दाखवला. मग तोंड वाकडं केलं. "पर काकी, फेस न्हाय आला."

कट्टा फिदीफिदी हसला. मुलगा पायरीवरून उठला, ड्रमकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"राहू देत ड्रम," तो म्हणाला. "पोरांच्या वाजवण्यानं निदान फेस तरी येतो."

मी पेटीवर खोळ चढवली आणि काठ्या होत्या तशा तिच्यावर ठेवून दिल्या.