तेराव्याला द्यायची सायकल

बायको गेली त्याच्या आठव्या दिवशी मुलगा म्हणाला, "बाबा, तेराव्याला आईची सायकल गुरुजींना दानात देऊन टाकू. उगाच पडून सडेल."

मी म्हणालो, "द्यायची तर धड वस्तू द्यायची. पायडल मारलं की हिची चेन सटकते."

"गुरुजी काय चालवून बघणार आहेत?"

माझं डोकंच फिरलं. मेलेल्या आईच्या नावानं भंगार द्यायचं? मी चौथीपर्यंत शिकलेला, पण जन्म वर्कशॉपात गेला. तडक प्रेम नगरच्या सायकलच्या दुकानात गेलो. दुकानदार इकडच्या हिंदीत म्हणतो, "दादाजी, बस चेन बदल लो, काम चल जाएगा."

"पिछले साल भी यही बोले थे, भैया! निकालो तीनों." चेन, मागचं फ्रीव्हील, पुढचं चेनव्हील, सगळं घेऊन आलो.

अंगणात सायकल उलटी केली. पिन ठोकून क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, काढला आणि चेनव्हीलचे दाते बघितले. झिजून आकड्यासारखे वाकलेले. फ्रीव्हीलचेही तसेच. असल्या दात्यांवर नवी चेन टिकत नाही, जोर लावला की उडी मारते. हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. तरी गेल्या वर्षी नुसती चेन घातली, कारण क्रँक काढायचा कंटाळा.

बायको हिच्यावरूनच नगरा मोहल्ल्यात मुलींना शिवण शिकवायला जायची. चढावर चेन सटकायची, गुडघा फुटायचा. "अहो, बघा ना जरा," म्हणायची. मी म्हणायचो, "सायकल ठीक आहे. तूच झटके देतेस." शेवटी तिनं सांगणं सोडलं. चढ आला की उतरून ढकलत न्यायची.

आणि काम होतं केवढं? एका दुपारचं. तेवढी एक दुपार मी तिला दिली नाही, आणि आता गुरुजींसाठी हात काळे करत बसलो!

संध्याकाळी मुलानं पायडल फिरवून बघितलं. "वा बाबा! झकास. आता द्यायला हरकत नाही."

"नाही द्यायची. गादी दे, छत्री दे, माझा पलंग दे हवा तर. ही देऊन मला पुण्य नको."

"मग चालवणार कोण?"

"मी."

"लेडीज सायकल? मोहल्ले वाले हंसेंगे, बाबा."

"हंसने दो," मी म्हणालो, आणि सीट माझ्या उंचीला वर करायला पाना उचलला.