फळ्यावरचं नाव

बाईंना पोरांचा कंटाळा कधीच नव्हता. वैताग होता तो पोरांना आणून सोडणाऱ्यांचा. सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या, मागच्या खोलीत दर रविवारी सकाळी आया आपापली कार्टी ठेवून जायच्या, ओळखीच्या दुकानात पिशवी ठेवावी तशा. "जरा बघा हं, आलेच!" म्हणायच्या, की गेल्याच. हिब्रू अक्षरं घरी गिरवून घ्या म्हटलं, तर "अहो, आम्हालाच कुठे येतात!" असं हसत सांगायच्या, आणि त्याची लाज तर सोडाच, कौतुकच वाटायचं त्यांना.

पोरं पाच-सहा वर्षांची. डोळ्यांवर हात ठेवून शेमाची प्रार्थना म्हणायची आणि बोटांच्या फटीतून एकमेकांना वेडावून दाखवायची. मागच्या रविवारी घोटून घेतलेलं या रविवारी सगळं पार धुऊन निघालेलं असायचं. बाई डोक्याला हात लावायच्या आणि पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात करायच्या. बाकीचा आठवडा औषधांच्या दुकानात खोकल्याच्या बाटल्या देण्यात जायचा. नवरा गेल्यापासून हा वर्ग तेवढा त्यांचा स्वतःचा होता.

आणि त्यावरच दिराची नजर पडली. धाकटे दीर सिनेगॉगचे सेक्रेटरी. नवीन काही दिसलं की त्यांना राहवत नसे.

"वहिनी, जग कुठे चाललंय बघा! इथे मोठा स्क्रीन लावू. परदेशातले शिक्षक, रेकॉर्ड केलेले धडे, गाणी, कार्टून. तुम्ही फक्त पोरांना गप्प बसवायचं."

"म्हणजे शिकवणार भिंत, आणि मी राखण करणार? भाऊजी, जरा तरी..."

"तुम्ही उगाच मनाला लावून घेता," असं पोरांदेखतच म्हणून भाऊजी सुताराला सांगून मोकळेसुद्धा झाले. फळा काढायचा, मोडून टाकायचा आणि त्या जागी स्क्रीन.

रविवारी सुतार आला, तर फळ्याच्या मधोमध वाकड्यातिकड्या मोठ्या अक्षरांत देवाचं नाव! तेही पूर्ण. बाई ते फळ्यावर कधीच लिहीत नसत, एका खुणेच्या अक्षरावर भागवत. कारण पूर्ण लिहिलेलं नाव पुसायचं नसतं, आणि ते ज्यावर असेल ती वस्तू मोडायची किंवा फेकायची नसते. फाटकी प्रार्थनापुस्तकंसुद्धा कब्रस्तानात नेऊन पुरतात. हे सगळं बाईंनीच पोरांना सांगितलं होतं, आणि कुणी ऐकत असेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"कुणी लिहिलं हे?"

पिटुकली पुढे आली. वर्गातली सगळ्यात ढ पोर. वर्षभर हिच्यापुढे बाईंनी घसा कोरडा केला होता.

"मी. पुस्तकात शोधून. आता काकांना फळा मोडताच येणार नाही."

बाईंना तिला तिथल्या तिथे उचलून घ्यावंसं वाटलं. प्रार्थना सांगणारे हजान आले, त्यांनी चष्मा सारखा करून वाचलं आणि म्हणाले, "याला फडकं लावायचं नाही." सुताराने हत्यारं पिशवीत टाकली. भाऊजींचं तोंड उतरलं. बाईंना वाटलं, आपण जिंकलो.

मग भाऊजींचा चेहरा खुलला. "मोडायचा नाही ना? मग पुरू या! सगळ्या मानाने!"

हजान बराच वेळ दाढी खाजवत राहिले, पण त्यांना यात चूक काढता येईना. फळा अख्खा उतरवला, पांढऱ्या चादरीत गुंडाळला आणि टेम्पोत चढवला. भाऊजी स्वतः शेजारी बसले. इतके भाविक ते आजवर कधी दिसले नव्हते. बाईंच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. एवढ्या वर्षांत एक पोर आपणहून पुस्तक उघडून वाचते काय, आणि तिने लिहिलेलं कब्रस्तानात जातं काय!

टेम्पो वळला, तसे बाईंचे डोळे भरून आले. पिटुकलीने त्यांचा हात ओढला.

"बाई, रडू नका ना. स्क्रीन आला की मी त्याच्यावर पण लिहीन."

"लिहून बघच!" बाई एवढ्या जोरात ओरडल्या की पोर दचकली. मग त्यांनी आवाज खाली आणला. "देवाचं नाव आपलं काम साधायला वापरायचं नसतं. समजलं?"

पिटुकलीने मान हलवली. बाईंना कळून चुकलं, हिला आता हेही समजलंय आणि ही ते विसरणार नाही, म्हणजे स्क्रीनवर आता कुणी काही लिहिणार नाही. त्यांना पुन्हा रडू आलं.