पाय धोईसन या

"पाय धोईसन या, सर."

आमच्याच अंगणात, आमचीच गादी उसवून कापूस पिंजत बसलेला माणूस मला हे सांगायचा. मी चपला घालून जवळ गेलो की पिंजणाची तात वाजायची थांबे. मी नळावर जाऊन पाय धुऊन आल्याशिवाय ती पुन्हा वाजत नसे. तुम्ही असता तर तुमचीही गत हीच.

शहाद्यात त्यांना सगळे चाचा म्हणत. मशीनवर तासाभरात होणाऱ्या गादीला ते अख्खा दिवस घालवायचे. घाई केली तर कापसावर हात ठेवून म्हणायचे, "आठेच माणूस जलमस, आठेच मरस." आठेच म्हणजे इथेच, गादीवर.

मी लोणखेड्याच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचो. सुरीचं श्रेष्ठपण कापण्यात, देव चुलीपाशीसुद्धा, असं जुने ग्रीक मानत. हे मी पिवळ्या पडलेल्या वह्यांमधून पोरांकडून घोकून घेतलं. बायको मला डिवचायची, "तुमचा ग्रीक अंगणात बसलाय, चहा नेऊन द्या." राग यायचा, कारण तिचं खरं होतं.

चाचांचा हट्ट एकच, गादीत खड्डा नको. टाके घालून झाले की डोळे मिटून तळहात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत. जरा उणं लागलं की शिवण पुन्हा उसवत. "खड्डा ऱ्हाई गया ते मी कसाना पिंजारी?"

बायको गेली त्या उन्हाळ्यात मी त्यांना बोलावलं. मला झोप येत नव्हती आणि मी दोष गादीला देत होतो. चाचांनी गादी पसरली. बायको झोपायची त्या बाजूला तिच्या अंगाएवढा खोलगट भाग होता. त्यावर त्यांनी तळहात ठेवला.

"सर, हाई बाजू ऱ्हाऊ देऊ का?"

मी पडलो शहाणा. म्हणालो, "खड्डा ठेवून कसले पिंजारी तुम्ही, चाचा?"

ते उठले. त्यांनी पाय धुतले आणि ते कामाला लागले. गादी नेहमीसारखी उत्तम झाली. तिच्यावर आडवा झालो, सवयीने हात पलीकडे गेला, आणि मी काय करून बसलो ते कळलं. तिची जागा मीच पैसे देऊन पुसून घेतली होती. त्या दिवशी मी रडलो.

गेल्या हिवाळ्यात चाचा गेले. त्यांच्या घरी गेलो तेव्हा सुरतेहून आलेली त्यांची मुलगी खोली आवरत होती. चाची जाऊन वीसेक वर्षं झाली असतील. जमिनीवर एक जुनाट गादी होती, गोळे झालेली, भिंतीकडच्या बाजूला खोल दबलेली.

"लोकेसन्या गाद्या पिंज्यात, पन हाई कधी उसवू दिनी नई," ती म्हणाली. "अम्मीनी जागा शे, म्हनेत."

मी उंबऱ्याबाहेरच थांबलो. चपला काढल्या आणि तिच्याकडे पाय धुवायला पाणी मागितलं.

माझी गादी बायको गेल्यापासूनच्या या चार वर्षांत पुन्हा दबली आहे, माझ्या बाजूला. दुसरी बाजू चाचांनी केली होती तशीच आहे, सपाट.