बंद घराचा नळ

माझा मामा पाणीखात्यात ऐकण्याच्या कामावर होता. असं सांगितलं की समोरचा आधी हसतो, मग माझं तोंड बघून गप्प होतो. पण असं काम खरंच असतं. जमिनीखालचा नळ कुठे फुटलाय हे वरून दिसत नाही, ते ऐकावं लागतं. त्यासाठी मामाकडे छातीइतक्या उंचीची एक लोखंडी सळई होती. तिच्या वरच्या टोकाला लाकडी वाटी बसवलेली. खालचं टोक नळाच्या चावीवर टेकवायचं, वाटीला कान लावायचा, डोळे मिटायचे आणि श्वास रोखायचा. गळती असली तर पाणी बारीक सूं करतं. नळात हवा अडकली असली तर खुट्खुट् वाजतं. मामाच्या खिशात एक वही असायची. तिच्यात घराच्या नंबरापुढे तो एकच अक्षर लिहायचा: ग म्हणजे गळती, ह म्हणजे हवा, ठ म्हणजे ठीक.

कामाआधी तो मनगटावरचं घड्याळ काढून जेवणाच्या डब्यात ठेवायचा, कारण त्याची टिकटिक सळईत उतरायची. "स्वतःचंच घड्याळ ऐकत बसलं तर दुसऱ्याचं काय ऐकू येणार," असं म्हणायचा, आणि माझ्याकडे अशा नजरेने बघायचा की त्यातून मी ताबडतोब काहीतरी शिकलं पाहिजे.

ही त्याची खोडच होती. नळाचा वायसर झिजला तरी त्यात त्याला देवाचा काहीतरी धडा दिसायचा. छत्री उलटी झाली, बस चुकली, दाढी करताना कापलं, सगळ्यात धडा. दूध उतू गेलं की मामा त्यातून कृपा काढायचा आणि मामी त्याच्यावरून फडकं फिरवायची. मी त्यांच्याकडे राहून छापखान्यात नोकरी करत होतो. जेवताना ताटात खडा लागला तर मी तो गुपचूप गिळायचो. काढून दाखवला असता तर जेवण अर्धा तास लांबलं असतं.

ऐकायला रस्ता शांत लागतो. आमच्या वस्तीत सगळ्यांत शांत वेळ रविवारची, सकाळी साडेनऊ ते अकरा, म्हणजे अख्खी वस्ती उपासनेला बसलेली असताना. त्यामुळे देवाचं इतकं वेड असलेला हा माणूस महिन्यातले दोन रविवार चर्चच्या बाहेरच असायचा. मामी म्हणायची, "सगळं गाव देवाचं ऐकतं, आणि आमचे हे गटाराचं."

"गटाराचं नाही गं, पिण्याच्या पाण्याचं."

"मग प्या."

एकदा मी हौसेने त्याच्याबरोबर गेलो होतो. दारं लावलेली, दोरीवर कपडे, कुठे माणूस नाही, जणू सगळे एकदमच उठून कुठेतरी निघून गेलेत. मामाने सळई माझ्या कानाला लावली. आधी नुसता गार लाकडाचा स्पर्श. मग खूप खालून काहीतरी आलं. दोन गल्ल्या पलीकडे चर्चमध्ये गाणं चाललं होतं, आणि तेच गाणं जमिनीखालून येत होतं. पातळ, ओलं, तोंडात पाणी धरून कोणी गावं तसं. मी सळई सोडून दिली. मामा म्हणाला, "वर गातात तेव्हा खालीही पोचतं." हा धडा मात्र मी विसरलो नाही, कारण त्यानंतर आठवडाभर मला आंघोळीला नळ सोडायची भीती वाटत होती.

मामाचा उजवा कान दोन वर्षांपासून जात होता. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि बाहेर कोणालाच नाही. कान गेला की काम गेलं, असा खात्याचा सरळ नियम. मामाला ते काम देवाने दिल्यासारखं वाटायचं. त्याच्यातून उठून भांडारात चाव्या-वायसर वाटत बसायची कल्पनाही त्याला सहन होत नसे. डावा कान शाबूत होता, त्याच्यावर भागत होतं. मामीला मनातलं बोलायचं असलं की ती उजवीकडे बसायची. "या बाजूने बोललं की संसार सुखाचा होतो," असं मला म्हणायची.

ही गोष्ट घडली त्या रविवारच्या आधी तीन दिवस मामाचा डावा कान सुजला. मामीने औषधाचे थेंब घालून वर कापसाचा बोळा बसवला.

"उद्या कळवा, येत नाही म्हणून," ती म्हणाली. डाव्या बाजूला बसून, मोठ्याने.

"कान दुखतो म्हटलं तर दोन्ही तपासतील."

"तपासू देत की."

मामा सळईची वाटी पुसत बसला.

रविवारी सकाळी त्याने जे केलं ते पुढे त्यानेच सांगितलं, कोणी विचारलं नव्हतं तरी. तो घरोघरी चावीवर सळई टेकवायचा, मेलेला उजवा कान वाटीला लावायचा, डोळे मिटायचा, नेहमीइतका वेळ काढायचा आणि वहीत ठ लिहायचा. ऐकू काहीच येत नव्हतं. अकरा घरं अशी झाली. अकरा ठ. दुसऱ्याच्या वायसरमध्ये धडे शोधणारा माणूस स्वतः रस्त्यात उभा राहून ऐकण्याचं सोंग करत होता.

बारावं घर बंद होतं. मालक दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरी गेले होते आणि किल्ली पाळकसाहेबांकडे ठेवून गेले होते. नळाची चावी फाटकाजवळ, सुकलेल्या वेलीखाली होती. मामाने रिवाज म्हणून सळई टेकवली.

तीन ठोके आले. मग थांबले. मग पुन्हा तीन.

मामाने डोळे उघडले. फाटकाला कुलूप, खिडक्यांवर फळ्या. ऐकणाऱ्यांचा पहिलाच नियम, खुट्खुट् म्हणजे हवा. त्याने वहीत ह लिहिलं आणि पुढे निघाला.

दोन घरं गेल्यावर त्याचे पाय थांबले. हवा वाजते ती कशीही वाजते. ती मोजत नाही. आणि दुसरं म्हणजे, अकरा घरी ज्या कानाला पाण्याचा सूंकार आला नाही, त्याला हे आलं कसं?

तो परत आला. फाटकाजवळ गुडघे टेकून त्याने पान्याने चावीवर दोनदा ठोकलं आणि कान लावला. खालून दोन आले. थोड्या वेळाने तीन.

मामा सांगायचा की भीती वाटली ती ठोक्यांची नाही. त्याला पक्षी ऐकू येत नव्हते, चर्चमधलं गाणं येत नव्हतं, स्वतःचा श्वासही नाही. सगळं जग त्या बोळ्यात गुंडाळल्यासारखं मुकं, आणि त्यात फक्त ते ठोके, अगदी जवळ, दाराबाहेर कोणी उभं असावं इतके. कोणाला बोलवायला जावं तर सांगावं लागणार की मी ऐकलं. आत काही निघालं नाही, तर कानाचं सगळं बाहेर येणार. मामा किती वेळ तसा बसून होता हे त्यालाही माहीत नाही. घड्याळ डब्यात होतं.

मी चर्चमध्ये मागच्या बाकावर अर्धा जागा होतो. पाळकसाहेब उपदेशाच्या दुसऱ्या मुद्द्यावर होते. दार उघडलं आणि मामा सळई हातात घेऊन मधल्या वाटेने आला, गुडघ्यांना माती, कानात कापूस. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे तो भलत्याच जोरात बोलला, "पाळकसाहेब, बंद घराची किल्ली द्या. आत कोणीतरी ठोकतंय."

पहिल्या बाकावर खात्याचे साहेब बसले होते. ते वळून म्हणाले, "काय ऐकलंत?"

मामाला कळलंच नाही. साहेबांनी पुन्हा विचारलं, ओठ मोठे करून. मग त्यांची नजर कापसावर गेली. "तो कान तर बंद आहे तुमचा. ऐकलंत कशाने?"

"उजव्याने."

मामीने मान खाली घातली. दोन वर्षं जपलेलं भांडं फुटल्याचा आवाज फक्त आमच्या बाकावर आला. साहेबांना अजून काही कळलं नव्हतं, पण ते आता मामाच्या उजव्या बाजूने हळूच काहीतरी बोलून बघत होते, आणि मामा समोर बघत होता.

पाळकसाहेबांनी चष्मा काढला, उपदेशाचे कागद मिटले आणि खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. "चला," एवढंच म्हणाले.

आम्ही आठ-दहा जण गेलो, वस्तीतला सुतारही त्यात होता. आत धुळीचा जाड थर, पांढऱ्या चादरी टाकलेल्या खुर्च्या, एक खुर्ची भिंतीकडे तोंड करून. धुळीत पाऊल उमटलेलं नव्हतं, पहिली पावलं आमचीच. न्हाणीघर कोरडं ठणठणीत. नळ सोडला तर एक उसासा निघाला, पाणी नाही.

"हवाच आहे," साहेब म्हणाले. सुटल्यासारखे.

मामाने ऐकलं नाही. त्याने सळई आडवी धरून न्हाणीघराच्या भिंतीला लावली आणि उजवा कान वाटीला. एक हात वर केला. दहा माणसांचे श्वास थांबले. सुताराने भिंतीला कान लावला आणि मान हलवली. मीही लावला. भिंत गार होती आणि तिच्यात काही नव्हतं.

"पलीकडे," मामा म्हणाला.

पलीकडे गणिताच्या बाई राहायच्या, एकट्या. आम्हा सगळ्यांना त्यांनी शाळेत शिकवलं होतं. मला त्यांनी एकदा शंभरात सतरा दिले होते आणि वर पुस्ती जोडली होती, 'दयेचे धरून'. त्या शनिवारी बहिणीकडे जाणार होत्या, म्हणून तिसऱ्या बाकावरची त्यांची जागा रिकामी दिसूनही कोणाच्या मनात काही आलं नव्हतं.

"बाई इथे असत्या तर आतापर्यंत आपल्याला पाढे म्हणायला लावले असते," सुतार म्हणाला, पण म्हणता म्हणताच पटाशी काढून तो त्यांच्या दाराकडे धावला. दाराला आतून कडी होती, ती त्याने पटाशीने उचकटली.

प्रवासाची पिशवी दिवाणखान्यात भरून ठेवलेली होती. बाई न्हाणीघरात कुशीवर पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलेलं, ओठ निळे. जिवंत. मला बघून त्या म्हणाल्या, "तू पुढे काय होतोस? मोठ्यांना येऊ दे."

सोमवारी साहेबांनी मामाला बोलावलं. खात्यातर्फे कौतुकाचं काहीतरी ठरत होतं. मामाने खुर्चीवर बसायच्या आधीच सांगितलं की उजवा कान दोन वर्षांपासून गेलाय, आणि रविवारची पहिली अकरा घरं न ऐकता लिहिली आहेत, ती कोणाकडून तरी पुन्हा ऐकून घ्या. साहेबांनी पेनला टोपण लावलं. मग त्यांनी त्याला कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

डॉक्टर म्हणाले, उजवा कान पार गेलाय. सळई हाडाला टेकते, कधीकधी हाडातून आवाज पोचतो, तसं झालं असेल.

"मग अकरा घरं का नाही आली हाडातून?" मी विचारलं.

डॉक्टरांनी पुढच्या माणसाला आत बोलावलं.

दोन आठवड्यांनी मी आणि मामा बाईंना बघायला गेलो. त्या उशांना टेकून बसल्या होत्या आणि शेजारच्या पेशंटच्या वहीतली बेरीज तपासत होत्या.

"बाई, तुम्ही ठोकत राहिलात हे फार चांगलं केलंत," मी म्हणालो.

"ठोकलं ते शनिवारी. दिवे लागायच्या वेळी पडले. पाण्याचा तांब्या हाताशी होता, त्याने नळावर ठोकलं, तास-दीड तास. मग तो घरंगळला कोपऱ्यात. हा हात अंगाखाली, तो उचलवेना."

"आणि रविवारी?"

"रविवारी कसलं ठोकणं? चर्चमधलं पहिलं गाणं ऐकू आलं. म्हटलं, प्रभू, आता पुरे, मी काही बोलत नाही, तुझं तू बघ. मग पडून राहिले."

मामा त्यांच्या डाव्या बाजूला बसला होता, सूज उतरलेला कान पुढे करून. त्याने शब्द न् शब्द ऐकला. मी त्याच्याकडे बघितलं. वाटलं, आता धडा येणार, आणि हा मी पुरता ऐकून घेणार. मामाने फक्त बाईंच्या पायावरची चादर सारखी केली.

"नीट हिशेब कर," बाई मला म्हणाल्या. "पहिलं गाणं साडेनऊला. त्यानंतर मी ठोकलेलं नाही. उत्तर काय येतं?"

मला उत्तर आलं नाही. या खेपेला त्यांनी मार्क कापले नाहीत.

मामा आता भांडारात बसतो. चाव्या देतो, वायसर देतो, रविवारी चर्चला येतो आणि मामीच्या उजव्या हाताला बसतो, म्हणजे डावा कान तिच्याकडे. तिला आता मनातलं बोलायला जागा नाही. दूध उतू गेलं तर तो स्वतः उठून फडकं घेतो. धडे बंद झालेत असं नाही, पण एखादा ओठावर आला की तो जरा थांबतो, पलीकडून कोणी आधी बोलतंय का बघावं तसं.

सळई आणि वही त्याने मला दिली. वहीत त्या रविवारच्या पानावर अकरा ठ खोडलेले आहेत. बाराव्या घरापुढचा ह खोडलाय आणि त्याच्यापुढे जागा कोरी आहे. तिथे काय लिहायचं होतं, असं मी एकदा विचारलं. मामा म्हणाला, "त्याला अक्षर नाही आपल्याकडे."

गेल्या रविवारी मी उपासना बुडवून त्या फाटकाजवळ गेलो. घड्याळ काढून ठेवलं. सळई चावीवर टेकवली. खालून गाणं येत होतं, पातळ, ओलं. ते संपल्यावर काहीच नाही. खिशात पाना होता. दोनदा ठोकलं असतं तर कळलं असतं.

पान्यावरची पकड घट्ट करून मी तसाच बसून राहिलो. खालून दोन आले, तर पुढे काय करायचं हे मामाला त्या दिवशी माहीत होतं. मला अजून माहीत नाही, म्हणून मी ठोकलेलं नाही.