डब्याच्या दीड वीत वर

कांद्याची लागण तोंडावर आली होती आणि बायका रानात यायला तयार नव्हत्या.

आमची वस्ती शिरूर तालुक्यात, नदीच्या अंगाला आहे. तिन्ही बाजूंना ऊस. त्या उसात बिबट्या आहे हे दिवाळीनंतर कुणाला वेगळं सांगावं लागत नव्हतं. आधी शेजारच्या गोठ्यातली कालवड गेली, मग आमचा कुत्रा गेला. वनखात्याची माणसं येऊन पिंजरा लावून गेली. जाताना त्यांनी बायकांना एक गोष्ट सांगितली. वाकलेलं माणूस बिबट्याला माणूस वाटत नाही, बुटकं जनावर वाटतं. म्हणून शक्यतो उभं राहा, आणि दिसलाच तर पळू नका.

पण कांदा उभं राहून लावता येत नाही. वाफ्यात उकिडवं बसायचं, एकेक रोप चिखलात खोचायचं आणि तसंच पुढे सरकायचं. दिवसभर मान खाली असते.

आमच्याकडे लागण सावडीने होते. आज सगळ्या बायका आमच्या रानात, उद्या आम्ही त्यांच्या. ही सावड जमवणाऱ्या बाईंना सगळे आक्का म्हणतात. त्या आईला दारातूनच म्हणाल्या, "रोपं वाळली तर वाळू दे बाई. जीव काय रोपासारखा परत लावता येत न्हाई."

आई म्हणाली, "आमच्या पोरीकडं बंदूक हाय की!"

मी आत चहा गाळत होते. माझा हात थांबला.

ती बंदूक छऱ्याची. बारावीपर्यंत मी दौंडला मामाकडे राहून शिकले. मामा रेल्वेत आहे. रेल्वे कॉलनीमागच्या एका हॉलमध्ये मुलांना नेमबाजी शिकवत, तिथे त्याने मला घातलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही, त्यामुळे शिक्षणाबरोबर जे जे मिळेल ते घ्यायचं असं मामाचं मत. पुढे मी शिरूरच्या कॉलेजात आले तेव्हा त्याने एका मुलाकडून ही जुनी बंदूक घेऊन दिली. नळी मधून मोडायची, डाळीएवढा छरा भरायचा, नळी पुन्हा सरळ करायची. एका वेळी एकच छरा. देताना मामा म्हणाला होता, "ही कागदासाठी हाय. जनावरावर कवाच धरायची न्हाई. मरत तर न्हाईच, नुसतं चिडतं. आन् पुढं माणूस असलं तर घोड्याला बोट लावायचं न्हाई."

हॉलमध्ये कागद दहा मीटरवर असायचा. गावी आल्यावर मी लांबचा नेम शिकले, तो असाच, कुणी न शिकवता. आमच्या कांद्याच्या रानाच्या उजव्या कोपऱ्यात, उसाला लागून, एका बांबूवर तेलाचा रिकामा डबा टांगलेला आहे. तिथे ज्वारी असायची तेव्हा पाखरं उठवायला दोरी ओढून तो वाजवत. दोरी कधीच कुजून गेली. विहिरीच्या मातीच्या ढिगावर उभं राहिलं की तो डबा साठेक मीटरवर दिसतो. पहिल्यांदा मी सरळ डब्यावर नेम धरला आणि छरा खालच्या मातीत गेला. इतक्या लांब जाईपर्यंत छरा खाली पडतो. हळूहळू समजलं, डब्याच्या दीड वीत वर, जिथे काहीच नाही तिथे नेम धरायचा, मग डबा वाजतो. वारा असला तर बाजूलाही सरकावं लागतं. वारा किती आहे ते मी उसाच्या तुऱ्यांवरून ओळखायचे. हिवाळ्यात उसाला पांढरे तुरे येतात आणि वाऱ्याबरोबर सगळे एकाच बाजूला झुकतात.

आक्का बायकांना घेऊन ढिगापाशी आल्या. "दाव बरं." मी छरा भरला, तुरे पाहिले, नेम धरला. डबा टण्णकन वाजला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"एवढ्या लांबचा डबा दिसंना मला, आन् हिनं वाजवला!"

"बिबट्या तर डब्यापरीस मोठा हाय."

मी म्हणाले, "पण आक्का, यानं बिबट्याला काही होणार नाही. हा छरा त्याच्या कातडीत..."

"लाजती," आक्का म्हणाल्या. "कॉलेजची पोरं अशीच. चला गं, उद्यापासनं."

मी पुन्हा बोलले, पण तोपर्यंत त्या वळल्या होत्या आणि माझा आवाज मुळातच लहान आहे. वर्गातसुद्धा सर म्हणतात, मागच्या बाकाला ऐकू येऊ दे. नेम लागतो म्हणजे बंदुकीत दम आहे, असं त्यांनी धरलं. डबा वाजल्यावर मी काय सांगते याला अर्थ राहिला नाही. रात्री आईला सांगितलं, तर ती भाकरी थापत म्हणाली, "बंदूक बघूनच भितंय ते. तू नुसती उभी राहा."

मग मी उभी राहायला लागले. सकाळचं कॉलेज करून यायचं, भाकरी खायची आणि ढिगावर चढायचं. मी चढले की मगच खाली बायका ओळीने बसत. त्यांची बडबड चालायची, कुणाच्या सुनेचं, कुणाच्या कंपनीतल्या नवऱ्याचं. मधूनच कुणी वर बघून ओरडायची, "ए पोलीस, झोपलीस का?" आणि सगळ्या हसायच्या. त्या मोकळेपणाने हसायच्या त्याचीच मला भीती वाटायची. आधी त्या दर दोन रोपांनी मागे वळून बघत असत. आता कुणी बघत नव्हतं. ते काम माझ्यावर आलं होतं, आणि माझ्या हातात जे होतं त्याने कावळासुद्धा नीट मरत नाही. समजा तो आला. समजा मी छरा मारला, तो लागला, आणि चिडून त्याने समोरच्या पहिल्या बाईवर उडी घेतली. हे मी दिवसातून कितीतरी वेळा डोळ्यांपुढे बघायचे.

लागण डावीकडून उजवीकडे सरकत होती, म्हणजे रोज थोडी त्या डब्याच्या कोपऱ्याकडे. कोपऱ्याचे वाफे आईने स्वतःकडे घेतले. आपल्या रानातली अवघड जागा दुसऱ्याला देऊ नये, असं तिचं.

त्या दुपारी ऊन होतं आणि उजवीकडून वारा वाहत होता. सगळे तुरे डावीकडे झुकलेले. मी सवयीने त्यांच्याकडे बघत होते. तेवढ्यात दिसलं की डब्याच्या मागे, उसात थोडं आत, चार-पाच तुरे वाऱ्याच्या उलट हलले. मग त्यांच्या पुढचे. मग त्यांच्याही पुढचे. खालून काहीतरी चालत येत होतं आणि ते आईच्या दिशेने येत होतं.

आई डब्यापासून दहा-बारा हातांवर होती. पाठ उसाकडे, मान खाली.

मी ओरडायला तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. बंदूक खांद्याला लावली तेव्हा समोर आई होती. मामाचं वाक्य आठवलं. उसावर धरायची तर दिसत काहीच नव्हतं, आणि दिसलं असतं तरी तिथे मारायचं नव्हतं. वाजू शकेल असा तिथे एक डबाच होता.

वारा उजवीकडून, म्हणजे छरा डावीकडे, आईकडे ढकलला जाणार. नेम उजवीकडे धरायला हवा, एक वीत. मी भीतीने त्याहून बराच जास्त धरला. बंदूक उडाली, बारीक फट् असा बार झाला, पण काहीच वाजलं नाही. डबा तसाच. आई तशीच. तुरे आणखी पुढे आलेले.

नळी मोडली. घेतलेला छरा बोटातून मातीत पडला. दुसरा कसा भरला ते आठवत नाही. दीड वीत वर, एक वीत उजवीकडे. मी ढिगावरच खाली बसून कोपर गुडघ्यावर टेकवलं.

डबा वाजला.

तो आवाज आईच्या मागेच झाला. ती दचकून उभी राहिली. तिच्यापाठोपाठ सगळ्या उभ्या राहिल्या. आक्कांनी घमेलं उचलून त्यावर खुरपं बडवायला सुरुवात केली. तुरे थांबले. थोडा वेळ कुठेच काही हललं नाही. मग तीच रेघ आत-आत गेली आणि वाऱ्यात मिसळली.

बायका ढिगाकडे आल्या. "लागला का गं? मेला का?"

"मी त्याला मारलंच नाही. डब्याला मारलं. आवाज व्हावा म्हणून."

"का?"

"या बंदुकीनं तो मरत नाही."

आक्कांच्या हातातलं खुरपं खाली आलं. "म्हंजी इतकं दिस आम्ही कशाच्या जिवावर बसलो व्हतो? आन् सांगितलं न्हाईस तू?"

"सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी."

बाजूची एक काकी म्हणाली, "हिचं बोलणं हिच्या तोंडातच ऱ्हातं, आपल्याला कसं कळायचं?" एकदोघी हसल्या, पण ते हसू लगेच विरलं. त्या दिवशी काम तिथेच थांबलं.

घरी चुलीपुढे बसल्यावर आई म्हणाली, "डबा एकदाच वाजला. बार तर दोनदा झाला."

"हो."

"पहिला कुठनं गेला?"

"उजवीकडनं. तुझ्यापासून लांबनं."

"किती लांबनं?"

"दिसलं नाही," मी म्हणाले. हॉलमध्ये प्रत्येक छऱ्याचं कागदावर भोक दिसतं, चुकला तरी कुठे चुकला ते कळतं. त्या छऱ्याचं काहीच दिसलं नव्हतं. मी उजवीकडे धरला होता एवढंच मला ठाऊक होतं. आईने लाकूड पुढे सारलं. "बरं," म्हणाली.

बायका आता येणार नाहीत असं मी धरलं होतं. सकाळी आक्का आल्या. मागे तिघीचौघी, डोक्यावर जुने डबे. ते त्यांनी उसाच्या कडेने बांबूंवर टांगले. ठरलं असं, की एकीने आळीपाळीने उभं राहायचं, बाकीच्यांनी बसायचं, आणि मी ढिगावरून अधूनमधून डबे वाजवायचे, कधी हा, कधी तो. डब्यांच्या जवळपास कुणी असेल तेव्हा मात्र नाही. त्या वेळी नळी मोडलेलीच ठेवायची, हे आईने सांगितलं.

"आन् आणखी एक," आक्का म्हणाल्या. "आधी आरड."

"म्हणजे?"

"म्हंजी आरड. बिबट्या आला म्हणून. तिथनं आम्हाला ऐकू आलं पायजे. न्हाईतर आम्ही बसत न्हाई."

त्या सगळ्या उसाच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. आई कोपऱ्यातल्या वाफ्यापाशी. मी ढिगावर, मोडलेली बंदूक पायाशी ठेवून. ओरडले.

"न्हाई आलं," आक्कांनी लांबून हात हलवला.

पुन्हा ओरडले. आईने कानामागे हात धरला आणि मान हलवली. तिच्या मागे तुरे सगळे एकाच बाजूला झुकलेले होते. मी ते नीट पाहून घेतले, डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत, आणि मोठा श्वास घेतला.